चाकांवरचा महाल आणि त्याची किंमत



चाकांवरचे घर ही वस्तू आपल्याकडे कोणालाच अपूर्वाईची नाही. गाडीलोहारांची पोरे गाडीतच लहानाची मोठी होत आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड-पाथर्डीकडच्या ऊसतोडणीच्या टोळ्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा बैलगाडीवर नाही तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चूल, भांडी, कोंबड्या आणि लेकरे असे सगळे घर लादलेले असते. या घरांची किंमत कोणी विचारीत नाही. आज आम्ही ज्या घराची किंमत विचारणार आहो ते अमेरिकेतले आहे. लांबी पंचेचाळीस फूट, वजन चोवीस-पंचवीस टन. आत दिवाणखाना, स्वयंपाकघर, न्हाणीघर, निजावयाची खोली. एका गिऱ्हाइकाच्या फर्मायशीप्रमाणे ते बांधलेले असते आणि तसे दुसरे सहसा नसते. त्याची किंमत वीस लाख डॉलरच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने सतरा कोटी रुपयांच्या पुढे जाते. त्यांच्याकडे याला मोटारहोम म्हणतात. आपण मोटारघर म्हणू.

युनियनच्या माणसाला श्रीमंतांच्या खेळण्यांशी काय करावयाचे आहे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, एखाद्या वस्तूची किंमत ऐकून सर्वसामान्य माणूस तोंडात बोट घालतो, तेव्हा युनियनच्या माणसाने वहीपेन्सिल काढली पाहिजे. तिला किती हात लागले, किती तास लागले आणि त्या तासांचे कोणाला काय मिळाले? आम्ही सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या एका लाकडी कपाटाने केले. त्या कपाटाने आम्हांस हेच तीन प्रश्न शिकविले. शिवाय पंचवीसएक वर्षे आम्ही बसबांधणीच्या कामगारांत वावरलो आहो, त्यामुळे या घराच्या भिंतीआड काय असते याची थोडीबहुत कल्पना आहे.

लोकांचे उत्तर ठरलेले असते. सोन्याचे नळ, संगमरवरी फरशी, इटलीचे चामडे. मग किंमत नाही का चढणार? हे उत्तर सोपे आहे आणि बहुतांशी चुकीचे आहे. नळाला सोन्याचा मुलामा दिला तरी त्यात सोने किती जाते? संगमरवर तर वजनाच्या भीतीने पातळ कापून लावावा लागतो. माल कितीही उंची घेतला तरी कोट्यवधी रुपयांचा हिशेब त्याने भरत नाही. उत्तर शोधावयाचे तर दोनशे वर्षे मागे, घोडागाडीच्या कारखान्यात गेले पाहिजे.

लंडनच्या गाडी बांधणाऱ्यांच्या महाजनास राजाची सनद मिळाली ती १६७७ साली. पुढच्या शतकात हा धंदा त्या शहरातल्या भरभराटीच्या धंद्यांपैकी एक झाला. विल्यम फेल्टन नावाच्या एका गाडीबांधणाऱ्याने १७९४ पासून दोन भागांत एक ग्रंथ छापला. त्यात गाडीच्या एकेका अवयवाचे वर्णन आहे आणि त्यापुढे त्याची किंमत दिली आहे. चाकाचे काय, कमानीचे काय, आतल्या अस्तराचे काय, दारावरच्या कुलचिन्हाचे काय. गिऱ्हाइकाला हिशेब कळावा म्हणून लिहिलेला तो ग्रंथ आज कामगारांचा इतिहास म्हणून वाचावा असा आहे. कारण त्यातून दिसते की एक गाडी म्हणजे दहाबारा धंद्यांची बेरीज होती. पेटी करणारा सुतार वेगळा, खालचा गाडा करणारा वेगळा, चाके करणारा वेगळा. लोहार, गादीवाला, गोटापट्टी विणणारा, कंदीलवाला, रंगारी आणि रंगाऱ्यांतही नुसती कुलचिन्हे काढणारा चितारी, असे सगळे निरनिराळे. हे सारे जण एकाच गाडीभोवती पाळीपाळीने फिरत.

यांतला रंगारी जरा निरखून पाहा. आधी अस्तराचा हात, मग लांबी भरावयाची, ती वाळली की प्यूमिस दगडाने पाणी मारीत घासावयाची, पुन्हा हात, पुन्हा घासणे. मग रंगाचे हात, मग व्हार्निशाचे हात. चांगल्या गाडीवर असे वीसपर्यंत हात चढत आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत त्या गाडीवर पुढचा हात देता येत नसे. गाडी आठवडेच्या आठवडे रंगखात्यात उभी. व्हार्निशाच्या खोलीत धुळीचा कण उडू नये म्हणून कामगारांनी जपून चालावयाचे. आम्ही एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) एक वयस्क रंगारी पाहिला होता. तो बसच्या पत्र्यावरून डोळे मिटून अंगठा फिरवी आणि लांबी कोठे कमी पडली ते सांगे. त्याचे ते ज्ञान पगारपत्रकाच्या कोणत्याच रकान्यात बसत नव्हते. व्यवस्थापनाने त्याला ‘मदतनीस’ म्हणूनच निवृत्त केले. लंडनच्या गाडीकामगारांना मात्र आपल्या कसबाची किंमत लवकर कळली. १८३४ सालीच त्यांची देशव्यापी संघटना उभी राहिली. १९१९ साली तिच्यासह अनेक जुन्या संघटना एकत्र होऊन वाहनबांधणी कामगारांची राष्ट्रीय युनियन झाली आणि १९७२ मध्ये ती वाहतूक कामगारांच्या मोठ्या युनियनमध्ये विलीन झाली. सुतार, लोहार आणि गादीवाला एका झेंड्याखाली यावयास ऐंशीपंचाऐंशी वर्षे लागली.

आता या गाडीचे घर कसे झाले? विलायतेत जिप्सी लोक पिढ्यान्‌पिढ्या गाड्यांत राहत. त्यांना पोलीस गावाबाहेर हाकलीत. परंतु १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाच्या आरमारातल्या निवृत्त डॉक्टराने, जो मुलांसाठी साहसकथा लिहून पोट भरी, ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून अशीच एक गाडी हौसेने बांधवून घेतली. नाव ‘वाँडरर’. आत महागनीचे लाकूडकाम, वजन सुमारे दोन टन, ओढावयास दोन घोडे. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सावध करावे म्हणून नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे धावे. या थाटात ट्वायफर्डपासून इन्व्हर्नेसपर्यंत सुमारे तेराशे मैलांचा प्रवास झाला आणि त्यावर पुस्तकही निघाले. ती गाडी अजून जपून ठेवलेली आहे. जिप्सीचे घर तेच, चाके तीच. पण एकाच्या दारी पोलीस आणि दुसऱ्याच्या दारी प्रकाशक! असो.

अमेरिकेत हा शौक आधी रुळांवर आला. जॉर्ज पुलमनने ‘पायोनियर’ नावाचा निजावयाचा डबा १८६५ मध्ये बाहेर काढला. त्यास सुमारे वीस हजार डॉलर लागले. तशा साध्या डब्याच्या चौपट म्हणा ना. त्या डब्यांचे सुतारकाम, गालिचे, दिवे यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत, ती आम्ही करीत नाही. त्या डब्यांसाठी शिकागोजवळ पुलमनने १८८० पासून एक आख्खे गाव वसविले. घरे त्याची, दुकाने त्याची, भाडेही तोच घेणार. १८९३ च्या मंदीत त्याने मजुरी सरासरी पावपट कापली. घरभाडे मात्र एका सेंटाने उतरविले नाही. १८९४ च्या मे महिन्यात कामगार बाहेर पडले. यूजीन डेब्स यांच्या रेल्वे युनियनने पुलमनच्या डब्यांना हात न लावण्याचा ठराव केला आणि देशभरच्या गाड्या अडल्या. राष्ट्राध्यक्षांनी फौज पाठविली, डेब्स तुरुंगात गेले, संप मोडला. डब्यांतल्या काळ्या नोकरांची संघटना उभी राहावयास १९२५ साल उजाडले आणि तिचा पुलमन कंपनीशी करार झाला तो १९३७ मध्ये. फिरत्या महालाच्या इतिहासातले हे पान मोटारघराच्या रंगीत चोपड्यांत कोणी छापीत नाही, म्हणून येथे सांगितले.

१९१० मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात पिअर्स-ॲरो कंपनीने एक मोटार मांडली. मागची बैठक उलगडली की बिछाना, शोफरच्या पाठीमागे घडीचे हातधुण्याचे भांडे, शौचाची सोय, आणि मालकाला शोफरशी बोलता यावे म्हणून टेलिफोन. किंमत ८,२५० डॉलर. त्या वर्षी फोर्डची साधी मोटार ९५० डॉलरला मिळत होती आणि कारखान्यातला अमेरिकन कामगार वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे-सहाशे डॉलर मिळवी. म्हणजे ती गाडी त्याची चौदापंधरा वर्षांची मजुरी होती. पुढे १९१५ मध्ये रोलंड काँक्लिन या बसकारखानदाराने आपल्या कुटुंबासाठी पंचवीस फुटी, आठ टनी घर बांधून लाँग आयलंडपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत नेले. त्याच्या छपरावर बाग होती.

येथपर्यंत घोडागाडी, डबा आणि मोटार यांची बांधणी एकाच पद्धतीने चाललेली आहे. काम जागेवर उभे आणि कारागीर त्याच्याभोवती. पुढच्या पंधरा वर्षांत ही पद्धत मोडली. मोटारघर इतके महाग का, याचे अर्धे उत्तर या पंधरा वर्षांत आहे, म्हणून येथे जरा थांबू.

१९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात काम चालू लागले आणि माणूस जागेवर उभा राहिला. चासी जोडावयास साडेबारा तास लागत, ते दीड तासावर आले. माणसे टिकेनात, तेव्हा जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांचा दिवस आणि पाच डॉलर रोज जाहीर झाला. १९२५ च्या सुमारास फोर्डची मोटार तीनशे डॉलरच्या आत आली. रंग हा मात्र अडसर राहिला होता. फोर्डने तो भट्टीत वाळणारा काळा रंग देऊन टाळला. १९२३ साली ड्युपाँ आणि जनरल मोटर्स यांनी ड्यूको नावाचे लॅकर आणले. ओकलंड नावाच्या मोटारीवर ते निळ्या रंगात प्रथम चढले. आठवड्यांचे काम तासांवर आले आणि तो वीस हात देणारा रंगारी एका पिढीत संपला. लाकडी सांगाड्याच्या जागी दाबून काढलेला पोलादी पत्रा आला. त्याबरोबर सुतारही गेला. घोडागाड्यांच्या परंपरेतून आलेल्या फिशर बंधूंनी १९०८ मध्ये डेट्रॉइटला मोटारीच्या बॉडीचा कारखाना काढला होता. नेपोलियनच्या राजरथाचे चित्र त्यांनी आपला शिक्का म्हणून घेतले. कारखाना मिनिटामिनिटाला बॉडी बाहेर टाकी आणि प्रत्येक बॉडीवर हाताने घडविलेल्या रथाचे चित्र असे!

या रथाखाली काय चालले होते ते ३० डिसेंबर १९३६ रोजी जगाला कळले. मिशिगनमधल्या फ्लिंट येथील फिशरच्या कारखान्यांत कामगार कामावर आले आणि तेथेच बसले. पगारापेक्षाही त्यांना जाच होता तो पट्ट्याच्या वेगाचा. चव्वेचाळीस दिवस ते आत राहिले. निजावयास मोटारीच्या गाद्या होत्या, त्यांनीच शिवलेल्या. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी जनरल मोटर्सने युनियनला मान्यता दिली. त्यानंतर अमेरिकेतल्या मोटार कामगाराची मजुरी चढत गेली आणि मोटारही स्वस्तच राहिली, कारण यंत्राने प्रत्येक कामगाराच्या हातून पूर्वीच्या कितीतरी पट माल निघू लागला होता.

आता विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाचा सिद्धांत ऐका. त्याने विल्यम बोवेन या सहकाऱ्याबरोबर १९६६ मध्ये नाटक-संगीताच्या धंद्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कारखान्यात एका माणसाकडून दर वर्षी अधिक माल निघतो, म्हणून त्याला अधिक मजुरी देता येते. परंतु चार वादकांना एखादी रचना वाजवावयास शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. मजुरी मात्र त्यांनाही काळाप्रमाणे द्यावी लागते, नाही तर ते वाद्य टाकून कारखान्यात जातील. म्हणून मैफल दर वर्षी महाग होत जाते. आपल्याकडचे उदाहरण घ्या. यमनचा विलंबित ख्याल मांडावयास गवयाला लागणारा तास कोणतेही यंत्र अर्ध्या तासावर आणू शकत नाही. हाताने बांधलेले मोटारघर ही अशी मैफल आहे. फेल्टनच्या काळचा रंगारी आणि आजचा रंगारी यांच्या तासांत फारसा फरक नाही. बाकीच्या जगातल्या वस्तू यंत्राने स्वस्त झाल्या, म्हणून त्याचा तास डोंगराएवढा दिसतो.

मोटारघरांतही यंत्राचे घर आणि हाताचे घर अशी फाळणी झाली. आयोवामधल्या फॉरेस्ट सिटी या लहान गावी विनेबेगो कंपनीने १९६६ मध्ये मोटारघरे पट्ट्यावर जोडावयास घेतली आणि इतरांच्या जवळजवळ निम्म्या किमतीत विकली. ती निवृत्त शिक्षकाला, प्लंबरला परवडू लागली. हाताच्या घराने दुसरी वाट धरली. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात सेंट-क्लेअर नावाचे गाव आहे. तेथला यूजीन प्रेव्हो हा सुतार चर्चची बाके आणि शाळेचे सामान करी. १९२४ मध्ये त्याला कोणीतरी रिओ ट्रकच्या चासीवर बसची बॉडी बांधावयास सांगितली. त्यातून उभी राहिलेली प्रेव्हो कंपनी आता व्होल्वोच्या छत्राखाली आहे आणि अमेरिकेतल्या बहुतेक सर्वांत महागड्या मोटारघरांचा सांगाडा तिच्याकडून जातो. ओरेगॉनमधल्या कोबर्गची मॅरेथॉन कंपनी १९८३ पासून असे रिकामे सांगाडे घेऊन त्यांत घर बांधते. ओक्लाहोमातली नेवेल कंपनी तर चासीही स्वतःच करते आणि वर्षाला काही डझनच गाड्या बाहेर काढते.

रिकामा सांगाडा आला म्हणजे पुढे काय होते? घर उभे असते आणि गाडी धावते, या दोन गोष्टींचे भांडण तेथे सुरू होते. धावते घर म्हणजे रोज भूकंप सोसणारे घर. आपल्या घरात खिळ्यावर लटकलेले कपाट वर्षानुवर्षे राहते. येथे ते पहिल्या शंभर मैलांत खाली येईल. म्हणून प्रत्येक कपाट चिकटवून, स्क्रूने आवळून सांगाड्याला धरावे लागते, प्रत्येक खणाला अडसर लागतो. तारेचा प्रत्येक फूट नळीतून न्यावा लागतो, ठिकठिकाणी जखडावा लागतो. धक्क्याने तार पत्र्याला घासली तर आग. त्यातून विजेच्या दोन जाती: बॅटरीची वेगळी, घरगुती वेगळी, जनित्र, बॅटऱ्यांचा संच आणि त्यांचा मेळ घालणारी यंत्रे ही निराळीच. जमिनीखाली तापलेले पाणी खेळवून थंडीत घर ऊबदार करावयाचे. पिण्याचे पाणी, सांडपाणी, मैला यांच्या तीन टाक्या. अगदी स्पष्ट बोलावयाचे तर बस, बंगला आणि वीजघर या तिन्ही वस्तू पंचेचाळीस फुटांत कोंबलेल्या असतात.

त्यात १९९० पासून भिंत बाहेर सरकविण्याची टूम निघाली. इंडियानातल्या न्यूमार कंपनीने ती आणली. गाडी थांबली की दिवाणखान्याची भिंत दोनतीन फूट बाहेर सरकते. बसची भिंत नुसती भिंत नसते, ती पुलाच्या बाजूसारखी भार वाहते. तिला दारापेक्षा मोठे भोक पाडले की उरलेल्या सांगाड्यात पोलाद भरावे लागते. पोलादाने वजन वाढते, वजनाने आसांवरचा भार बदलतो. भोकातून पाऊस आणि वारा येऊ नये म्हणून हवा भरून फुगणारी रबरी पट्टी बसवावी लागते. बसच्या बॉडीत खिडकी चार बोटे सरकवा म्हटले तरी फोरमनच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्ही पाहिले आहे. येथे आख्खी भिंतच सरकते.

‘फर्मायशीप्रमाणे’ या शब्दाची किंमत येथे कळते. गिऱ्हाईक म्हणते, न्हाणीघर मधे नको, मागे हवे. त्याला वाटते खोलीची अदलाबदल केली. परंतु पाण्याचे पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो. टाकी सरकली की मागचा आस अधिक दबतो, तो कायद्याच्या मर्यादेत आणावयास बॅटऱ्या पुढे न्याव्या लागतात. बॅटऱ्या पुढे गेल्या की तारा लांबतात, जाड होतात आणि सामानाचा खण आखूड होतो. प्रत्येक नकाशा नवा, प्रत्येक नळीचा बाक नवा. पट्ट्यावरच्या मोटारीत आरेखकाचा पगार लाखो नगांवर वाटला जातो, येथे तो एकाच नगावर पडतो. चूक झाली तर तीही एकट्या नगावर. शेवटी रंग. नक्षीच्या एकेका रेषेसाठी चिकटपट्टी लावा, रंग मारा, काढा, पुन्हा लावा; वर पारदर्शक थर, तो घासा, पुन्हा थर. पुन्हा आठवडे. ड्यूकोने जे तास वाचविले ते तास श्रीमंत गिऱ्हाईक परत विकत घेतो आहे!

थॉर्स्टीन व्हेब्लेनने १८९९ मध्येच हे टिपून ठेवले. हाताने घडविलेला चांदीचा चमचा यंत्राच्या चमच्याहून जेवावयास काही अधिक उपयोगी नसतो, पण त्यात वाया गेलेले श्रम दिसतात म्हणून तो मिरविता येतो. किमतीचा काही भाग नुसता किंमत म्हणूनच असतो, हे आम्ही नाकारीत नाही. विक्रेत्याची दलाली, नफा, नवी गाडी दारात उभी राहताच उतरणारा भाव, हेही सर्व आहेच. पण व्हेब्लेनचे वाक्य तोंडावर फेकून मोकळे होणे आम्हांस पटत नाही. खऱ्या तासांचा हिशेब त्याने संपत नाही.

आणि येथे आपल्या देशाकडे एकदा वळून पाहणे भाग आहे. हाताने बांधलेली वस्तू महागच असते, असा नियम असता तर आपले ट्रक सोन्याच्या भावाने गेले असते. आपल्याकडे ट्रकची उघडी चासी विकत घेऊन रस्त्याकडेच्या कारखान्यात बॉडी बांधून घेण्याची रीत दशकानुदशके चालत आली. सुतार, वेल्डर, रंगारी सगळे हाताने, प्रत्येक नग निराळा, दारावर फुले आणि मोर! १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, एस.टी.ची पहिली गाडी सुटली तिची बॉडी लाकडीच होती आणि बैठका काथ्याच्या. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील एस.टी.च्या मध्यवर्ती कार्यशाळांतून हजारो बॉड्या बाहेर पडल्या. सिनेमावाल्यांच्या आजच्या व्हॅनिटी व्हॅनही आपल्याकडे अशाच हातांनी सजतात. ‘आमच्याकडे हेच काम दहाव्या हिश्शात होते’ असे काही मंडळी अभिमानाने सांगतात. काम तेच, तासही बहुधा तेवढेच. मग नऊ हिस्से कोठे गेले? त्यांतले बरेचसे त्या वेल्डरच्या भविष्यनिर्वाह निधीत, त्याच्या डोळ्यांवरच्या चष्म्यात, रंगाऱ्याच्या तोंडावरच्या मुखवट्यात असावयास हवे होते. अमेरिकेतले मोटारघर महाग आहे याचे एक कारण असे की तेथल्या कारागिराच्या तासाला भाव आहे, आणि तो भाव पडून मिळालेला नाही. फ्लिंटच्या कारखान्यात गाद्यांवर निजून मिळविलेला आहे. मोटारघराच्या मालकाला हे बहुधा ठाऊक नसते.

तरी तेथे सगळे आलबेल आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतली बहुतेक फिरती घरे, म्हणजे स्वस्त, मध्यम आणि मोटारीमागे ओढावयाची, आज इंडियानातल्या एल्कहार्ट परगण्यात आणि त्याच्या आसपास बांधली जातात. तेथे युनियन फारशी शिरलेली नाही. पुष्कळ कारखान्यांत नगावर मजुरी चालते. पहाटे पाचसहाला सुरुवात, ठरलेले नग झाले की घरी. हाताला वेग आला की पैसा बरा मिळतो. पण स्क्रू सहा मारावयाचे तेथे चार मारले जातात आणि गिऱ्हाइकाच्या कपाटाचे दार पहिल्याच सहलीत गळून पडते. गिऱ्हाईक कामगाराला शिव्या देते. वास्तविक ती शिवी मजुरीच्या पद्धतीला द्यावयास हवी. हाताच्या घराची आणि पट्ट्याच्या घराची तुलना करताना लोक लाकडाकडे पाहतात. आम्ही स्क्रू मारणाऱ्याच्या घड्याळाकडे पाहतो. वीस लाख डॉलरच्या गाडीत गिऱ्हाईक जे सर्वांत महाग विकत घेतो ते म्हणजे घाई नसलेला कामगार.

या धंद्याला मंदीची नजर लगेच लागते, कारण फिरते घर ही माणसाची पहिली काटकसर असते. २००८ साली पेट्रोल भडकले, पाठोपाठ बँका कोसळल्या. एल्कहार्ट परगण्यात २००७ मध्ये शंभरातले पाचही बेकार नव्हते, तेथे मार्च २००९ मध्ये वीसच्या घरात गेले. राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी त्याच फेब्रुवारीत तेथे जाऊन सभा घेतली. फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या कंपन्यांनी मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मोनॅकोही ओरेगॉनमधल्या कोबर्गचीच, जेथे मॅरेथॉन आहे. एकाच गावात हाताचे घर उरले आणि पट्ट्याचे बुडाले. पुढे करोनाच्या साथीत हॉटेले ओस पडली, लोकांना आपले घर आपल्याबरोबर हवेसे झाले आणि २०२१ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी सहा लाखांहून अधिक फिरती घरे बाहेर पाठविली. एवढी पूर्वी कधीच निघाली नव्हती. एल्कहार्टला माणसे मिळेनात. दोनच वर्षांनी, २०२३ मध्ये, तो आकडा सुमारे ३ लाख १३ हजारांवर आला होता.